सीडी गेली, विंडोज गेली नाही

विंडोज एक्सपीवर आज लेख म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असं कुणीही म्हणेल. २५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आलेली ही सिस्टिम. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्टही बंद केला. पण आपल्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये डोकावून बघा. यूटीएमला जोडलेला पीसी अजून एक्सपीवरच आहे, कारण मशीनचं कार्ड आणि सॉफ्टवेअर त्याच काळातलं. मागच्या सेमिस्टरला त्याची हार्ड डिस्क गेली. नवी बसवली, कपाटातली सीडी घातली, तर इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडकलं : फाइल कॉपी होईना. फायनल इयरच्या चार ग्रुपची सॅम्पल्स ताटकळत पडलेली. म्हणून ती सीडी परत उभी करायचं काम मी अंगावर घेतलं. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, सीडी म्हणजे परवाना नव्हे. आपला हक्क असतो तो २५ अक्षरांच्या प्रॉडक्ट कीवर, म्हणजे कॅबिनेटवरच्या त्या स्टिकरवर. सीडी हे फक्त वाहन. पण वाहन त्याच जातीचं लागतं. होमची की प्रोफेशनलला चालत नाही आणि पीसीबरोबर आलेली ओईएम की सहसा रिटेल सीडीवर घेत नाही. तेव्हा कुणाचीही सीडी आणून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, स्क्रॅच कुठे आहे ते बघा. सीडी १.२ मिमी जाड, त्यात बहुतेक सगळं पॉलिकार्बोनेट. डेटाचा थर असतो वर, लेबलच्या अगदी खाली. त्यामुळे खालच्या बाजूचा बारीक ओरखडा पॉलिश करून जाऊ शकतो. पण लेबलवर बॉलपेन घासलं की डेटाच गेला. पुसताना मधून बाहेर, सरळ रेषेत पुसायचं. गोल पुसलं आणि चरा पडला, तर तो ट्रॅकच्या दिशेनेच जातो आणि सीडीतली चूक-दुरुस्तीची सोय तिथे हात टेकते.

आता इलाज. आधी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला न वाचता येणारं दुसऱ्याला वाचता येतं. तरी जमलं नाही तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू चालवा. ते चांगले सेक्टर आधी उचलतं, खराब सेक्टरची नोंद ठेवतं. आमच्या सुदैवाने शेजारच्या लॅबमध्ये त्याच खरेदीतली, तोच पार्ट नंबर असलेली सीडी होती. तीही खराब, पण वेगळ्या जागी! पहिल्या सीडीची नोंद तशीच ठेवून दुसरी घातली, आणि राहिलेले सेक्टर तिच्यातून भरून निघाले. दोन लंगड्यांनी मिळून एक धडधाकट सीडी दिली म्हणा ना.

तयार झालेली फाइल इमेज म्हणूनच बर्न करायची, कमी स्पीडला आणि व्हेरिफाय करून. नुसते फोल्डर कोऱ्या सीडीवर टाकले तर बूट होत नाही. नवी डिस्क साटा असेल तर बायोसमध्ये आयडीई मोड ठेवा, नाहीतर निळा स्क्रीन येतो. एएचसीआयचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत नाही. आणि सर्व्हिस पॅक १ च्या आधीच्या सीडीला १३७ जीबीपुढची डिस्क दिसतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

“नेटवरून उतरवली की झालं,” असं हॉस्टेलवर हमखास ऐकू येतं. पण अनोळखी साइटवरच्या कॉपीत कुणी काय घातलंय, हे आपल्याला काय ठाऊक? तसंच एक्सपीचा पीसी इंटरनेटला जोडू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीही खास पॅच काढावा लागला होता.

शेवटी लॅब असिस्टंट सरांना आणि मित्रांना एकच विनंती. कपाटातल्या जुन्या सीडी वाचता येताहेत तोवर त्यांच्या इमेज काढून दोन ठिकाणी ठेवा. आणि स्टिकरवरची की आजच रजिस्टरमध्ये उतरवून घ्या; सीडीची नक्कल निघते, पुसट झालेल्या कीची नाही.