वारुळावरील अळंबीची ओळख

पावसाळ्यात रानात व बांधावर उगवणाऱ्या छत्रांपैकी खाण्याजोगी ती अळंबी आणि बाकीची कुत्र्याची छत्री, अशी ढोबळ विभागणी आपल्याकडे रूढ आहे. यांपैकी विशेष रुचकर मानली जाणारी जात म्हणजे वारुळावरील अळंबी. गोव्यात तिला रोयणीची अळमी, तर पूर्व विदर्भात सात्या म्हणतात. हिच्या वर्गास शास्त्रीय भाषेत टर्मिटोमायसिस असे नाव असून ते रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली दिले.

या अळंबीची खरी ओळख जमिनीखाली आहे. वाळवी आपल्या घरट्यात चावलेल्या लाकडाचा व पाल्याचा स्पंजासारखा सच्छिद्र गड्डा रचते व त्यावर ही बुरशी वाढवून आपला निर्वाह करते. पाऊस मुरला म्हणजे त्या गड्ड्यातून मुळासारखा लांब दांडा वर निघतो व माती भेदून छत्र उमलते. माती भेदण्याचे काम छत्राच्या मध्यावरील टणक, टोकदार उंचवट्याकडे असते. म्हणून पहिला नमुना उपटू नये. सभोवारची माती हलकेच उकरून तो मुळापर्यंत पाहावा. खाली निमुळते होत वारुळाकडे गेलेले मूळ, छत्रावर टोकदार उंचवटा, छत्राखालील पाती दांड्यास न चिकटलेली व प्रथम पांढरी, पुढे फिकट गुलाबी, ही लक्षणे एकत्र आढळली पाहिजेत. (याच वर्गातील बारीक, झुपक्याने उगवणाऱ्या एका जातीस असे मूळ नसते. नवख्या माणसाने ती जाणत्याला दाखविल्यावाचून घेऊ नये.)

दांड्याच्या बुडाशी वाटीसारखे किंवा पिशवीसारखे आवरण दिसल्यास ते छत्र टाकून द्यावे. अमानिता वर्गातील प्राणघातक जातींची ती खूण आहे. छत्र वरच्यावर खुडल्यास नेमकी हीच खूण मातीत राहून जाते.

दुसरी परीक्षा बीजाणूंच्या रंगाची. उमललेल्या छत्राचा दांडा कापून ते पात्यांच्या बाजूने कागदावर उपडे ठेवावे व वर भांडे झाकावे. सकाळपर्यंत कागदावर ठसा उमटतो. वारुळावरील अळंबीचा ठसा गुलाबी छटेचा, अमानिताचा पांढरा, तर गवतात उगवणाऱ्या व ओकाऱ्या-जुलाब लावणाऱ्या क्लोरोफायलम या छत्राचा हिरवट असतो. क्लोरोफायलमची कोवळी पाती पांढरीच असल्याने नुसत्या डोळ्यांनी फसगत होते. मात्र गुलाबी ठशाची काही विषारी छत्रेही आहेत. तेव्हा ठसा जुळला तरी मूळ पाहण्याचे टाळता येत नाही.

चांदीचे नाणे किंवा लसूण शिजताना काळी पडली तरच छत्र विषारी, किंवा किड्यांनी खाल्लेले छत्र निर्धोक, या समजुतींना आधार नाही. अमानिताचे विष उकळल्याने वा वाळविल्यानेही जात नाही. त्याची लक्षणे बहुधा ६ ते २४ तासांनी दिसतात. ओकाऱ्या व जुलाब थांबून रोग्यास बरे वाटते, आणि त्याच अवधीत यकृत निकामी होत असते. यास्तव बरे वाटण्याची वाट न पाहता, ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सर्वांना ताबडतोब रुग्णालयात न्यावे व उरलेले छत्र किंवा भाजी सोबत न्यावी.

या अळंबीची लागवड अद्याप व्यवहारात साधलेली नाही, कारण वाळवीवाचून ती वाढत नाही. एका ठिकाणचा नमुना मुळासकट तपासून खात्री झाल्यावरही प्रत्येक छत्राचे बूड न्याहाळावे, कारण शेजारी दुसरी जात उगवलेली असू शकते. मात्र त्यासाठी वारूळ फोडू नये. ते शाबूत राहिल्यास पुढील पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा अळंबी मिळण्याचा संभव असतो. अभयारण्याच्या हद्दीत गोळा करण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी.