पेटंटच्या अपिलात ‘उघड’ म्हणजे काय?

कोयत्याला पाणी पाजणारा लोहार तापलेल्या पात्याचा रंग पाहून ते कधी बुडवायचे हे ठरवतो. कारखान्यात त्यालाच हीट ट्रीटमेंट म्हणतात: तापवा, झटकन निववा, पुन्हा बेताने तापवा. आता ‘पुन्हा तापवणे ५५० ऐवजी ५८० अंशांवर’ एवढ्यावर कुणी अमेरिकेत पेटंट मागितले तर?

माझी डॉक्टरेट धातूंतली, पोट मात्र सॉफ्टवेअरवर. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या अर्जांवर ‘ऑब्व्हियस’ असा शेरा बसलेला असेल. ‘एवढे उघड होते तर आधी कुणी का केले नाही?’ असे आपण चिडून विचारतो. १९५२च्या कायद्याचे कलम १०३ मात्र एवढेच विचारते, की त्या विषयातल्या साधारण जाणकाराला ही गोष्ट उघड वाटली असती का.

आकड्यांच्या बाबतीत १९५५चा ॲलर खटला आजही आडवा येतो. फिनॉल तयार करण्याची जुनी पद्धत १०० अंश आणि १० टक्के आम्लाची. अर्जदारांनी ४० ते ८० अंश आणि २५ ते ७० टक्के घेतले. मूळ पद्धत ठाऊक असताना नेहमीच्या प्रयोगांनी सोयीचा आकडा काढणे हा शोध नव्हे, असे कोर्टाने सांगितले.

आधी परीक्षकाने कारण दाखवायचे. नुसता शेरा चालत नाही. ते दाखवले की ओझे आपल्यावर. १९७७च्या अँटनी खटल्याने एक वाट ठेवली: ज्या घटकाचा परिणामाशी संबंध कुणाला ठाऊकच नव्हता, तो बदलून पाहणे ‘नेहमीचे’ ठरत नाही. पण तापमानाने पोलादाचा कडकपणा बदलतो हे लोहारालाही ठाऊक, तेव्हा ही वाट अरुंदच. दुसरी वाट अनपेक्षित परिणामाची. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्मला निववलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू नुसता पडून राहिल्याने अधिक कठीण झालेला आढळला. असे काही हाती लागले तर बोलायलाच नको!

मात्र पुरावा दाव्याच्या रुंदीइतका हवा. २००३च्या पीटरसन खटल्यात निकेलच्या मिश्रधातूत १ ते ३ टक्के ऱ्हेनियमचा दावा होता. आधीच्या कागदपत्रात ० ते ७ टक्के होते. अर्जदारांची आकडेवारी २ टक्क्यांपाशी सुधारणा दाखवत होती, सबंध पट्ट्यात नाही. अर्ज बुडाला. मला हा निकाल रास्त वाटतो.

अपील मंडळ नवा पुरावा सहसा घेत नाही आणि त्यावरचे फेडरल सर्किट कोर्ट दप्तरात आहे तेवढेच पाहते. तेव्हा पट्ट्याच्या दोन्ही टोकांचे, आणि जरा बाहेरचेही, नमुने परीक्षकाशी पत्रव्यवहार चालू असतानाच मोजून प्रतिज्ञापत्रासह दाखल करावेत.