ऐकू येते, उमगत नाही

खंडाळा तालुक्यातील लोणंदच्या बाजार आवारात कांद्याचा लिलाव पुकारला जात असता, हमालांची ओरड आणि ट्रॅक्टरची धडधड यांच्या मधोमध उभ्या असलेल्या सत्तरीच्या शेतकऱ्याने शेजाऱ्यास ‘वीस म्हणाला का तीस?’ असे पुसावे, आणि त्याच गृहस्थाने सायंकाळी घरच्या ओसरीवर तासभर बिनचूक संभाषण करावे, हे पाहिल्यावर ‘आबांना सोयीचे तेवढेच ऐकू येते’ असा शेरा मारून घरची मंडळी मोकळी होतात. हा शेरा निखालस अन्यायाचा आहे.

वयपरत्वे होणारा श्रवणशक्तीचा ऱ्हास सरसकट नसून उच्च कंपनसंख्येच्या ध्वनींपासून त्याचा आरंभ होतो. आणि बोलण्याचे बळ जरी मंद्र स्वरांत असले, तरी अर्थाचा पुष्कळसा भार ‘स’, ‘त’, ‘फ’ अशा क्षीण, परंतु उच्च कंपनांच्या व्यंजनांवर असल्यामुळे ‘ई’ कानी पडते, मात्र किलोमागे दहा रुपयांचा मामला ज्या एका अक्षरावर अडला आहे ते नेमके गलक्यात बुडते. कानातील ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यास पुन्हा लाभत नाहीत, ही गोष्ट जुनीच. परंतु २००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत असे दाखविले की, मोठ्या आवाजानंतर श्रवणाची पातळी पूर्ववत झाली आणि केशपेशीही शाबूत राहिल्या, तरी त्यांचे श्रवणमज्जातंतूंशी असलेले सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. मनुष्याच्या बाबतीत याचा वाटा किती, याविषयी अद्याप वाद आहे. तथापि निःशब्द खोलीतील चाचणीचा दाखला निर्दोष असूनही बाजारात तारांबळ का उडते, याचा एक संभाव्य उलगडा त्यात आहे.

उरलेले काम मेंदूचे. अनेक आवाजांतून एकच कसा निवडला जातो, हा प्रश्न संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ साली प्रयोगास लावला. या निवडीत दिशेची मदत होते: आवाज दोन कानांवर पोहोचण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर असते, व त्यावरून मेंदू दिशा ताडतो; वार्धक्यात हा सूक्ष्म हिशेब ढिला पडतो.

सबब कानाशी ओरडून काही साधत नाही, कारण ओरडण्याने स्वर फुगतात, व्यंजने त्या मानाने वाढत नाहीत. त्यापेक्षा तोंडावर उजेड पडेल अशा बेताने समोर उभे राहून सावकाश बोलावे. ‘व’ म्हणताना ओठ हलतात, ‘त’ला हलत नाहीत, इतकी मदत डोळेही करतात. आवाज सरसकट मोठा करणारे स्वस्त यंत्र मात्र गलकाही तितकाच वाढविते. यंत्र घ्यावयाचेच तर गोंगाटातील बोलण्याची चाचणी श्रवणतज्ज्ञाकडून करवून, समोरच्या आवाजास अग्रक्रम देणारे घ्यावे.