घामासाठी वेगळे, प्रवासासाठी वेगळे: इअरबड्सच्या खोक्यावरचे दावे

मोबाइलच्या दुकानात इअरबड्सचं खोकं हातात घेतलं की आधी दिसते ती आकड्यांची आणि आद्याक्षरांची गर्दी. आयपीएक्स ५, १३ एमएम ड्रायव्हर, ५० तास प्लेबॅक, ईएनसी, ब्लूटूथ ५.३. चांगल्या कंपनीच्या खोक्यावरचा बहुतेक मजकूर खराही असतो. पण तो प्रयोगशाळेतल्या प्रश्नांची उत्तरं देतो आणि ग्राहकाचे प्रश्न रस्त्यावरचे, जिममधले, लोकलमधले असतात. पहाटे टेकडीवर धावणारा, संध्याकाळी जिममध्ये वजनं उचलणारा आणि रोज दोन तास गर्दीतून प्रवास करणारा, या तिघांना एकच जोडी सारखीच उपयोगी पडेल असं नाही. कान कुठे असणार आहेत, किती वेळ आणि किती गोंगाटात, हे आधी ठरवलं तर या आकड्यांपैकी कोणता आपल्या कामाचा हे कळायला लागतं.

सगळ्यात महागात पडतो तो पाण्याबद्दलचा गैरसमज. खोक्यावर आयपीएक्स लिहिलंय म्हणजे इअरबड्स 'वॉटरप्रूफ', आता घाम, पाऊस, नळाचं पाणी, कशाचीच काळजी नको, असं अनेकांना वाटतं. आयपी ही आंतरराष्ट्रीय मानकातली श्रेणी आहे. तिच्यात पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीच्या जागी 'एक्स' असेल तर त्या बाबतीत श्रेणी दिलेलीच नाही, इतकाच त्याचा अर्थ. पाण्याच्या बाजूला ४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडालेले शिंतोडे सोसणं, ५ म्हणजे पाण्याची धार सोसणं, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडून तगणं. गंमत अशी की ७ मध्ये ५ आपोआप येत नाही. बुडवण्याची चाचणी पास झालेल्या वस्तूची धारेखालची चाचणी झालेलीच असते असं नाही, ती वेगळी करावी लागते आणि वेगळी लिहावी लागते.

या सगळ्या चाचण्या होतात साध्या, गोड्या पाण्यात आणि नव्या कोऱ्या नगावर. घाम खारट असतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो लवकर वाळतही नाही. इअरबडच्या बुडाशी जे बारीक धातूचे ठिपके असतात, चार्जिंगसाठीचे, त्यांना हा खार चिकटून बसतो. तशीच ओली जोडी चार्जिंगच्या डबीत ठेवली की ओलाव्यावर विजेचा दाब येतो आणि ते ठिपके गंजायला सुरुवात होते. 'एका बाजूचा बड चार्जच होत नाही' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांतले बरेच जण नियमाने व्यायाम करणारे असतात, ते यामुळेच. शिवाय पुष्कळ इअरबड्सच्या डबीला कसलीच पाण्याची श्रेणी नसते, श्रेणी असते ती फक्त बड्सना. साबण आणि शाम्पूही टाळायचे, कारण त्यांनी पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि एरवी जाळीवर अडलं असतं ते पाणी आत शिरतं. आणि आतले रबरी सील, जाळीवरचा लेप वापराने झिजत जातात. पहिल्या पावसाळ्यात तगलेली जोडी तिसऱ्या पावसाळ्यात तगेलच असं नाही.

म्हणून व्यायामासाठी घेताना आयपीएक्स ४ ही किमान अट धरावी, भरपूर घाम येणाऱ्याने ५ किंवा त्याहून वरची बघावी, आणि श्रेणी कोणतीही असली तरी व्यायाम संपल्यावर बड्स मऊ कोरड्या फडक्याने पुसून, काही वेळ उघड्यावर ठेवून मगच डबीत टाकावेत. ही सवय श्रेणीच्या अंकापेक्षा जास्त टिकाऊपणा देते.

पोहण्याचं गणित तर आणखी वेगळं आहे. आयपीएक्स ८ असलेले बड्स बुडून बिघडले नाहीत, तरी त्यांत गाणं वाजेलच असं नाही. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात आणि पाणी त्या फार झपाट्याने शोषून घेतं. डोकं पाण्याखाली गेलं की काठावर ठेवलेल्या फोनशी संपर्क तुटतो. म्हणूनच पोहणाऱ्यांसाठी बनवलेल्या हेडफोनमध्ये गाणी साठवायची जागा आतच दिलेली असते. शॉक्झ कंपनीच्या 'ओपनस्विम'मध्ये ती ४ जीबी आहे.

दुसरा मोठा घोळ आहे ईएनसी आणि एएनसी या दोन जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या आद्याक्षरांचा. हजार-बाराशे रुपयांच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ईएनसी असतं, आणि बाहेरचा गोंगाट आता ऐकूच येणार नाही अशा समजुतीने ते घेतलं जातं. ईएनसी काम करतं ते मायक्रोफोनवर. फोनवर बोलताना आपल्या आजूबाजूचा गलका समोरच्याला कमी ऐकू यावा, हा त्याचा उपयोग. आपल्या कानाला त्याने काहीही फरक पडत नाही. आपल्या कानातला गोंगाट कमी करतं ते एएनसी. त्यात बाहेरचा आवाज मायक्रोफोन टिपतो आणि त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडली जाते. दोन्ही लहरी एकमेकींना मारतात.

कल्पना जुनी आहे. जर्मन संशोधक पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये तिचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. ती प्रत्यक्ष बाजारात आणण्यात मोठा वाटा अमर बोस यांचा. ब्रिटिशांच्या ससेमिऱ्यातून निसटून अमेरिकेत गेलेल्या एका बंगाली क्रांतिकारकाचा हा मुलगा, पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला. १९७८ साली झुरिकहून परतताना विमानातल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडून गेलेलं त्यांनी ऐकलं आणि त्याच प्रवासात गणितं मांडायला घेतली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये विक्रीला आला.

हे तंत्र विमानातून बाजारात आलं, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही तिथेच कळतात. इंजिन, एसी, पंखा, लोकलच्या डब्यातली सततची घरघर हे खालच्या पट्टीतले, एकसुरी आवाज. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेतीन मीटर असते, तिच्या बरोबर उलटी लहर जुळवायला यंत्राला अवकाश मिळतो. ३००० हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ११ सेंटिमीटर. तिथे जुळवणीत जराशी चूक झाली की परिणाम संपला. म्हणून कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, शेजारच्या सीटवरच्या गप्पा एएनसीमधूनही ऐकू येतात. त्यात बिघाड काही नाही. असे तीव्र आवाज अडवायचं काम कानात घट्ट बसलेल्या सिलिकॉनच्या किंवा फोमच्या टोपीचं असतं.

एएनसीने कान बिघडतात असंही ऐकू येतं. काहींना ते चालू केल्यावर कान दडपल्यासारखे वाटतात हे खरं, पण श्रवणाच्या दृष्टीने ते बहुतेक वेळा मदतच करतं. गोंगाटात माणूस नकळत गाण्याचा आवाज वाढवतो. गोंगाट कमी झाला की वाढवावा लागत नाही.

आणि कानाला खरी इजा होते ती या वाढवलेल्या आवाजानेच, वायर असो वा नसो. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला श्रवणदोष झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा हेडफोनमुळेच तो झाला अशी चर्चा पसरली. त्यांनी स्वतः डॉक्टरांच्या निदानाप्रमाणे विषाणूसंसर्ग हे कारण सांगितलं होतं. मोठ्या आवाजातलं संगीत आणि हेडफोन यांबाबत सावध राहा, हा इशारा त्यांनी त्याच निवेदनात चाहत्यांना आणि तरुण सहकाऱ्यांना वेगळा दिला होता. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास आहे. लहान मुलांसाठी ती ७५ डेसिबल. ८० वरून ८३ वर गेलं की ४० चे २० तास होतात, ८६ वर १० आणि ८९ वर अवघे ५, म्हणजे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८६ डेसिबलवर रोज दीड तास ऐकणाऱ्याचा आठवड्याचा कोटा सातव्या दिवशी संपतो. 'आवाज ६० टक्क्यांवर ठेवा' हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो, पण टक्के म्हणजे डेसिबल नव्हेत. एका जोडीवर ६० टक्के सौम्य असतील, दुसरीवर त्याच ६० टक्क्यांना कान दुखतील. अनेक फोन आता ऐकलेल्या आवाजाची नोंद ठेवतात, आयफोनच्या 'हेल्थ' ॲपमध्ये तर ती डेसिबलमध्ये दिसते. ती आठवड्यातून एकदा पाहणं प्रत्येक पालकाला जमण्यासारखं आहे. आंतरकर्णातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात, त्या माणसात एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

इथूनच 'बोन कंडक्शन'बद्दलचा गैरसमज सुरू होतो. गालाच्या हाडावर टेकणारे हे हेडफोन कानाचा पडदा वगळून आवाज पोहोचवतात, म्हणून ते कितीही मोठ्याने ऐकले तरी निर्धोक, असं समजलं जातं. पडदा वगळला जातो हे बरोबर, पण हाडातली कंपनं शेवटी त्याच आंतरकर्णात, त्याच केसपेशींपाशी जातात. इजा तिथेच होते. या हेडफोनचा खरा गुण वेगळा आहे. कानाची वाट मोकळी राहते, त्यामुळे मागून येणारी दुचाकी, सायकलची घंटी, कुत्र्याचं गुरगुरणं ऐकू येतं. बदल्यात बेस कमी मिळतो. तो भरून काढायला रहदारीत आवाज चढवला, तर ज्यासाठी हे घेतले तेच हातचं जातं. बाजारात 'ओपन इअर' म्हणून मिळणारे सगळेच हाडातून चालत नाहीत, पुष्कळांत छोटा स्पीकर फक्त कानाबाहेर टांगलेला असतो. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही चालतात.

कान बंद करणाऱ्या बड्समधला 'ट्रान्सपरन्सी मोड' बाहेरचा आवाज मायक्रोफोनमधून आत सोडतो, मग तेवढ्यावर का भागू नये? चालताना भागतं. धावताना आणि विशेषतः सायकलवर वाऱ्याचा घोंघाट त्याच मायक्रोफोनमध्ये भरतो. आणि बॅटरी संपली की कानात उरतात नुसते बोळे. घट्ट बड्स घालून धावण्याची आणखी एक अडचण दुकानात कळत नाही: बाटलीच्या तोंडावर बूच बसावं तसा कान बंद झाला की स्वतःच्या पावलांचे धपके आणि श्वास डोक्यात घुमायला लागतात. जिममध्ये याउलट परिस्थिती असते. तिथे आधीच मोठ्याने स्पीकर लावलेले असतात, मागून गाडी येणार नसते, आणि तिथे घट्ट बसणारे बड्सच आवाज कमी ठेवू देतात. रस्त्यावर कान उघडे आणि जिममध्ये किंवा लोकलमध्ये बसल्यावर बंद, एवढी विभागणी मनाशी पक्की केली तरी निम्मी निवड झाली.

व्यायाम चांगला होण्यासाठी महागडे हेडफोन लागतात ही समजूतही तपासून पाहावी. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास काराजॉर्गिस यांनी अनेक वर्षं यावर काम केलंय. मध्यम वेगाच्या व्यायामात संगीतामुळे श्रम कमी जाणवतात, आणि त्यात लयीला मोठं महत्त्व आहे. इथिओपियाचा हैले गेब्रसेलासी १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला २००० मीटरचा बंदिस्त मैदानातला विश्वविक्रम मोडत धावला, तेव्हा 'स्कॅटमॅन' हे गाणं स्टेडियमच्या स्पीकरवर वाजत होतं. त्याच्या कानात काहीच नव्हतं.

ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, जितका मोठा तितका बेस दणदणीत, हे अर्धसत्य आहे. इअरबडमध्ये बेस टिकतो तो कानाशी फट न राहिल्याने. खोक्यात येणाऱ्या तीन मापांच्या टोप्यांपैकी मधली बसवून बाकीच्या तशाच ठेवून देणाऱ्याला १३ एमएमचा ड्रायव्हरही पोकळ ऐकू येईल. दोन्ही कानांना वेगळं माप लागणं अगदी साधारण आहे.

ब्लूटूथच्या आवृत्तीचा आणि गाण्याच्या गोडीचा थेट संबंध नाही. ५.३ मुळे जोडणी आणि विजेची बचत सुधारू शकते, गाणं कसं पोहोचेल हे ठरतं कोडेकवर, म्हणजे आवाज आवळून पाठवण्याच्या पद्धतीवर. एलडॅक हा कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवतो, पण तो फोन आणि हेडफोन दोघांकडे असावा लागतो. आयफोनमध्ये एलडॅक नाही, ॲपटीएक्सही नाही, तिथे एएसी चालतो. आयफोनवाल्याने एलडॅकसाठी जादा पैसे मोजू नयेत. लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच आवाज एकदम डबक्यातून आल्यासारखा होतो, तेही हेडफोन बिघडल्याने होत नाही. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथला उत्तम संगीत आणि मायक्रोफोन एकाच वेळी पेलत नाहीत, म्हणून तो हलक्या दर्जाच्या कॉल मोडवर उतरतो. लॅपटॉपचाच मायक्रोफोन निवडला की अनेकदा प्रश्न सुटतो.

किरणोत्साराची भीती थोडक्यात. ब्लूटूथच्या लहरी पेशींतले रेणू मोडण्याइतक्या शक्तीच्या नसतात. नेहमीच्या इअरबड्सची प्रक्षेपणशक्ती फार थोडी, या उपकरणांच्या प्रचलित वर्गात कमाल मर्यादा २.५ मिलिवॉट. ४जी फोन गरज पडली तर २०० मिलिवॉटपर्यंत जातो. तासभर फोन कानाला लावून बोलणाऱ्याने इअरबड वापरले तर त्याचा संपर्क घटतोच.

राहिली बॅटरी. '५० तास' यात डबीतून पुन्हा पुन्हा भरलेली वीज धरलेली असते. एका दमात बड्स किती चालतात तो आकडा खाली बारीक अक्षरांत सापडतो, आणि तोही बहुधा मध्यम आवाजावर, एएनसी बंद ठेवून मोजलेला. रात्रभर डबीत ठेवल्याने ती 'ओव्हरचार्ज' होत नाही, चार्जिंग आतल्या आत थांबतं. तिला मारक आहे ती उष्णता. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवणं टाळावं. या बॅटऱ्या चिमुकल्या असतात, रोजच्या वापरात दोन-तीन वर्षांत त्यांचा दम कमी होणं स्वाभाविक आहे, आणि बहुतेक बड्स चिकटवून बंद केलेले असल्याने त्या बदलता येत नाहीत. फेअरफोन कंपनीने २०२४ मध्ये बॅटरी बदलता येणारे बड्स युरोपात आणले, म्हणजे हे अशक्य नाही. तोवर खरेदीआधी दोन-तीन गोष्टी बघता येतात. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये पडताळता येतो आणि 'फर्स्ट कॉपी' पकडायला त्याची मदत होते. वॉरंटीत घाम-पाण्याने झालेलं नुकसान वगळलंय का, हे वाचावं. आणि एक बड हरवला किंवा त्याची बॅटरी गेली तर तेवढाच एक मिळतो का, कितीला, हे बिल करण्याआधी विचारून घ्यावं.