तंबोऱ्यात गोड, न्यूट्रलमध्ये गरम

गाण्याचा क्लास केला असेल, तर तुम्हाला हे माहीत असेल. तंबोरा नीट लागला की मधूनच गंधार ऐकू येतो. गंमत म्हणजे चारपैकी एकही तार गंधारात लावलेली नसते! गाणारे त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात.

हा गंधार येतो कुठून? खर्जाची तार सेकंदाला १०० वेळा थरथरत असेल, तर तिच्यात २००, ३००, ४००, ५०० अशी कंपनंही सोबत चालू असतात. या पटी म्हणजेच हार्मोनिक्स. तिसरी पट पंचमाची, पाचवी गंधाराची. घोडीचा हलका उतार आणि तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा या वरच्या पटींना उठाव देतात. मिरजेचे कारागीर जवारी काढताना घोडी घासत बसतात, ते यासाठीच. सी. व्ही. रामन यांनाही या वाद्याने चकवलं होतं. पुस्तकी नियमाप्रमाणे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात खणखणीत वाजतात, असं त्यांनी १९२१ मध्ये लिहिलंय.

आता तुमच्या हॉस्टेलच्या भिंतीतल्या वायरी बघा. तिथेही हेच गणित चालू असतं, फक्त ते गोड नसतं.

आपली वीज ५० हर्ट्झची. जुना पिवळा बल्ब करंट सरळ लाटेसारखा घेतो. चार्जर, एलईडी, कॉम्प्युटर मात्र लाटेच्या टोकाशीच गपकन घोट घेतात. त्यातून १५०, २५० हर्ट्झचे करंट तयार होतात. तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर ५० हर्ट्झचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडतात. म्हणून पूर्वी ही वायर बारीक टाकली तरी चालायचं. पण १५०वाले खोडले जात नाहीत, त्यांची चक्क बेरीज होते! न्यूट्रलमधला करंट फेजपेक्षाही जास्त होऊ शकतो. त्यात एमसीबी बहुतेक वेळा फेजवरच, म्हणजे ट्रिप होणार कोण?

मग एक दिवस ‘न्यूट्रल गेला’ अशी ओरड होते. एका खोलीत दिवे मंद, शेजारी व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेने, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री कुणाचा तरी लॅपटॉप गेलेला.

पॅनलला स्वतः हात लावू नका. वायरमनला न्यूट्रलवर क्लॅम्प मीटर लावायला सांगा. मात्र मीटरवर ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेलं हवं. साधा मीटर अशा वेड्यावाकड्या लाटेचा करंट कमीच दाखवतो.