ओटीपी घराला येत नाही

देशातल्या ८५.५ टक्के घरांत किमान एक स्मार्टफोन आहे आणि ८६.३ टक्के घरांत इंटरनेट पोचलं आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये घेतलेल्या दूरसंचार पाहणीतले हे आकडे. डिजिटल प्रगतीच्या भाषणांना एवढं पुरतं. पण दोन्ही आकडे घराचे आहेत. त्या घरातल्या कोणाला फोनवर काय जमतं, हे त्यांतून कळत नाही.

आधी तरुण घेऊ, कारण ठळकपणे जाहीर होणारे आकडे बहुतेक १५ ते २९ या वयोगटाचेच असतात. याच पाहणीत या वयाच्या ९७.१ टक्के लोकांनी मागच्या तीन महिन्यांत मोबाइल वापरला होता. वापरला म्हणजे काय केलं? त्याचं उत्तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्याच २०२२-२३ च्या पाहणीत मिळतं. निरोपासोबत फोटो किंवा फाइल जोडून पाठवणं ७८.४ टक्क्यांना येत होतं, कॉपी-पेस्ट ७१.२ टक्क्यांना. माहिती शोधणं, ईमेल पाठवणं आणि ऑनलाइन बँकिंग ही तिन्ही कामं करू शकणारे मात्र फक्त २६.८ टक्के.

हा शेवटचा आकडा दाखवून ‘आजच्या पोरांना काही येत नाही’ म्हणायचा मोह होतो. त्यात मेख आहे. तिन्ही कामं एकत्र मोजली आहेत. पंधरा-सोळा वर्षांच्या अनेक मुलांना बँकेशी काम पडलेलं नसतं आणि ईमेलवाचून त्यांचं काही अडत नाही. शिवाय २०२५ च्या पाहणीत ऑनलाइन व्यवहार जमणाऱ्या तरुणांपैकी ९९.५ टक्के यूपीआय वापरू शकत होते. बँकिंग म्हणजे क्यूआर कोड, इतकं ते सोपं झालं आहे. तरुणांची खरी उणीव दुसरीकडे आहे. ग्रामीण भागात होणाऱ्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२४ मध्ये १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी हाती घेणारे ५७ टक्के होते आणि समाजमाध्यमांसाठी घेणारे ७६ टक्के. त्या माध्यमांवर असणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची, हे ६२ टक्क्यांनाच ठाऊक होतं.

फोन स्वतःचा किती जणांचा? वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांचा, मुलींपैकी २६.९ टक्क्यांचा. म्हणजे ‘घरात फोन आहे’ या वाक्याला मुलींच्या बाबतीत सोळाव्या वर्षाआधीच तडा जातो. आयांच्या पिढीत तो आणखी रुंद दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं; पुरुषांचं प्रमाण ६१.५ टक्के. शेजारच्या गोव्यात हेच आकडे ७३.७ आणि ८२.९. गोव्यातल्या बाया तंत्रज्ञान घेऊन जन्माला येत नाहीत. स्वतः वापरायचा मोबाइल तिथल्या ९१.२ टक्के स्त्रियांकडे होता आणि महाराष्ट्रात ५४.८ टक्क्यांकडे. त्यानंतर चित्र सुधारलं असणार. तरी २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईच्या आधारवरच्या ओटीपीसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागत होता. योजना २१ ते ६५ वयाच्या बायकांची, पण क्रमांक कोणाच्या फोनला जोडला आहे यावर गाडी अडायची.

आता साठीपुढचे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ज्येष्ठांपैकी साक्षर सुमारे ४४ टक्के, ज्येष्ठ स्त्रियांत तर २८ टक्के. म्हणजे इथे प्रश्न पडद्याच्याही आधी अक्षराचा आहे. आणि ज्यांना शिकवणीची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यासाठी दारच बंद होतं. ग्रामीण भागासाठी २०१७ मध्ये सुरू झालेलं पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मार्च २०२४ मध्ये संपलं. उद्दिष्ट ६ कोटींचं होतं, प्रशिक्षण ६.३९ कोटींना मिळालं, प्रमाणपत्र ४.७८ कोटींना. कागदावर यश झकास. पण अट होती वय १४ ते ६० आणि प्रत्येक घरातून एकच जण. घरातला एक शिकला की घर साक्षर, असा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब कुठे चुकतो ते हयातीच्या दाखल्यात दिसतं. पेन्शनरांसाठी ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला २०१४ पासून आहे आणि चेहरा दाखवून दाखला काढण्याची सोय २०२१ पासून. बँकेत रांग लावण्यापेक्षा ती नक्कीच बरी. पण त्यासाठी दोन ॲप घ्यावी लागतात. आधी दाखला काढून देणाऱ्याने स्वतःचा आधार, मोबाइल, ईमेल देऊन ओटीपी टाकायचा, स्वतःचा चेहरा दाखवायचा. मग पेन्शनरची पाळी: आधार, पीपीओ (पेन्शन आदेशाचा) क्रमांक, पेन्शन मंजूर करणारं आणि देणारं कार्यालय, खाते क्रमांक आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून उघडायची. नातवाला ॲप उतरवता येतं, पण पीपीओ म्हणजे काय हे आजोबांना विचारावं लागतं. आजोबांना व्यवहाराची खडान्‌खडा माहिती, पण पडद्यावर बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही. दोघं शेजारी बसले तर दहा मिनिटांत काम उरकतं. नातू पुण्यात आणि आजोबा परांड्याला असले, तर सेवा केंद्र गाठायचं.

फोन हाताळणं आणि व्यवहार समजणं यांतली ही फट फसवणाऱ्यांना नेमकी कळलेली आहे. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरची खोटी अटक, आणि त्या जातीच्या गुन्ह्यांच्या तक्रारी २०२२ मध्ये ३९,९२५ होत्या आणि रक्कम ९१.१४ कोटी, २०२४ मध्ये १,२३,६७२ तक्रारी आणि १,९३५.५१ कोटी. भागाकार केला तर एका तक्रारीमागे २३ हजारांच्या आसपास गेलेले पैसे दोन वर्षांत दीड लाखावर पोचले. तक्रारी तिप्पट, पैसा एकवीसपट. चोर आता मोठ्या शिलकीच्या मागे आहे आणि शिलक निवृत्तांकडे असते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, ते अंबाल्याच्या वृद्ध जोडप्याचं होतं. न्यायालयाचे खोटे आदेश दाखवून त्यांचे एक कोटीहून अधिक रुपये उकळले होते. व्हिडिओ कॉल घेणं, पैसे वळते करणं, हे सगळं अशा बळींना जमतंच. कोणतेही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, एवढी गोष्ट माहीत नसली की कॉल येताच पाचावर धारण बसते आणि १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन करायचं सुचतच नाही. हे कॉपी-पेस्टच्या प्रश्नात मोजलं जात नाही.

२०२७ ची जनगणना देशातली पहिली डिजिटल जनगणना असेल आणि कुटुंबाची माहिती ऑनलाइन स्वतः भरता येईल. घरटी एकाला जमलं की भागेल. घरयादीच्या प्रश्नांत इंटरनेट, लॅपटॉप, मोबाइल आहे का, हे विचारलं जाईल, पण पुन्हा घरालाच.