एएमएलमध्ये ऑपरेशन का करत नाहीत?



रक्ताचा कॅन्सर म्हटलं की आपल्या धुळ्याकडे नातेवाईक हमखास विचारतात, "ऑपरेशन करून काढून टाकता येत नाही का?" प्रश्न चुकीचा नाही. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरमध्ये सर्जरी हा मुख्य उपचार असतो. मग अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएलमध्ये का नाही?

कारण कापून काढावी अशी एक गाठच नसते. आजार सुरू होतो अस्थिमज्जेत, आणि ती कमरेचं हाड, मणके, बरगड्या अशी सगळीकडे पसरलेली. निदान होतं तेव्हा शरीरात कॅन्सरच्या पेशी एक लाख कोटींच्या घरात असू शकतात. म्हणून रक्त जिथे जातं तिथे पोचणारं औषधच लागतं. नेहमीची पद्धत '७+३' : सायटाराबीन ७ दिवस, त्यातले ३ दिवस डॉनोरुबिसिनसुद्धा.

"पण बोन मॅरो ट्रान्सप्लांट हे ऑपरेशनच ना?" इथे नावाने गोंधळ होतो. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट केलं, ते एएमएल झालेल्या एका लहान मुलीवर. यात रुग्णाला कापत नाहीत. आधी जोरदार केमो किंवा रेडिएशन देऊन त्याची मज्जा रिकामी करतात, मग दात्याच्या पेशी रक्ताच्या पिशवीसारख्या शिरेतून चढवतात. त्या आपल्या आपण मज्जेत जाऊन बसतात. गंमत म्हणजे कमरेच्या हाडातून मज्जा काढायची असेल, तर ऑपरेशन थिएटरमध्ये दाता जातो, रुग्ण नाही!

मग सर्जनचं काम काय उरतं?

१. केमोसाठी मोठ्या शिरेत लाइन किंवा पोर्ट बसवणं.
२. कधीकधी या पेशींची मज्जेबाहेर गाठ होते, तिला मायलॉइड सार्कोमा म्हणतात. तिची बायोप्सी घेणं. ती मज्जारज्जूवर दाबत असेल तर काही वेळा दाब मोकळा करणं. केमो तरीही लागतेच.
३. आतड्याला छिद्र पडण्यासारखी गुंतागुंत सांभाळणं.

यातही धोका आहेच. प्लेटलेट कमी, म्हणून रक्तस्राव. चांगल्या पांढऱ्या पेशी कमी, म्हणून जंतुसंसर्ग.

आता संशोधनाचं बघू. "एएमएलमध्ये सर्जरीची भूमिका काय?" या प्रश्नात भूमिका आहे हे आपण आधीच धरून चाललोय. तो असा फोडा : निदानासाठी? आजार कमी करण्यासाठी? उपचाराला मदत म्हणून? गुंतागुंतीसाठी? दुसऱ्याचं उत्तर जवळजवळ 'नाही' येतं, बाकी तिघांचं 'काही वेळा'. 'नाही' हेही उत्तरच आहे, ते कारणासकट लिहायचं.

आणि हे फक्त थिसिसपुरतं नाही. एएमएल काही दिवसांत बळावू शकतो आणि धुळ्याहून मुंबई तीनशे किलोमीटरच्या वर. घरच्यांनी ऑपरेशन करणारा डॉक्टर शोधण्यात आठवडा घालवला, तर तो आठवडा केमोचा जातो. तुम्हाला कुणी विचारलं तर आधी एवढंच सांगा : रक्तविकारतज्ज्ञाकडे न्या, आणि लगेच न्या.